तिसऱ्या रॅकचा नववा खण

१

गुरुवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी एका रुग्णालयाने साधा प्रश्न विचारला. मागच्या महिन्यात तुम्ही पाठवलेल्या इंजेक्शनच्या कुप्या कोणत्या बॅचच्या होत्या?

औषधांचा घाऊक पुरवठा करणाऱ्या त्या कंपनीत या प्रश्नाचे उत्तर मिनिटाभरात मिळत असे. त्या दिवशी पडद्यावर नुसते चक्र फिरत राहिले. पावणेअकराला जुन्या सर्व्हर रूमचे दार उघडले, आणि तेव्हा उलगडा झाला की उत्तर येणार तरी कुठून, उत्तर देणारे यंत्रच जागेवर नव्हते. तिसऱ्या रॅकमध्ये एक पोकळी होती. पोकळीत चार केबली माना टाकून लोंबत होत्या, आणि प्रत्येकीच्या गळ्यात हाताने लिहिलेली चिठ्ठी होती: ‘बॅच नोंदी. बंद करू नये.’

आत्यांना हे साडेअकराला समजले, आणि तेही गेटवर अडकून पडल्यावर.

कंपनी उभी करणाऱ्या मालकांच्या त्या थोरल्या बहीण. भावाच्या पश्चात भाचा कारभार पाहत होता. आत्यांचे संचालक मंडळात एक मत होते आणि दर गुरुवारी एक खुर्ची. त्याआधी एकतीस वर्षे त्यांनी कंपनीचा टेलिफोन बोर्ड सांभाळला होता. त्या काळापासून त्यांचा एक नियम होता: फोनवर पहिल्या आवाजाने दिलेले उत्तर हे उत्तर नव्हे. ज्याचे हात प्रत्यक्ष कामात आहेत, त्याच्यापर्यंत लाइन पोहोचल्याशिवाय फोन ठेवायचा नाही.

त्यांनी कार्ड गेटवरच्या खांबाला तीनदा लावले. तिन्ही वेळा लाल दिवा लागला.

“तुमचं कार्ड जुन्या सिस्टिममध्ये आहे, आत्या,” गेटवरचा पहारेकरी ओशाळून म्हणाला. त्याच्या मिशांमुळे सगळे त्याला सुभेदार म्हणत. “आणि गेट सोमवारी नव्या सिस्टिममध्ये गेलं.”

“आणि मी कुठे आहे?”

सुभेदाराने प्रामाणिकपणे विचार केला. “तुम्ही सध्या मधे आहात.”

“वा. या वयात अधांतरी लोंबकळायचं एवढंच राहिलं होतं.”

“रजिस्टरमध्ये सही केली की सोडतो. वेळ, नाव, कामाचं कारण.”

आत्यांनी वेळ लिहिली, नाव लिहिले, आणि कारणाच्या रकान्यात ठसठशीत अक्षरात लिहिले, ‘कंपनी आमची आहे.’ मान वर केली तेव्हा त्यांना गेटच्या आतल्या बाजूला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेले मामा दिसले.

वायरमामा म्हणजे छत्तीस वर्षे या इमारतीची प्रत्येक तार स्वतःच्या हाताने ओढलेला माणूस. निवृत्तीला चार महिने राहिले होते. त्यांचे हात गुडघ्यांवर होते आणि गळ्यातले ओळखपत्र काढून घेतलेले होते.

“काय झालं, मामा?”

“यंत्र चोरीला गेलंय, आत्या,” ते संथपणे म्हणाले. “पाच वाजेपर्यंत परत आणा, नाहीतर पोलिसांत देऊ, असा निरोप आहे.”

“तुम्हाला कशाला निरोप?”

“चोर मीच आहे ना.”

२

भाच्याच्या खोलीत आत्या शिरल्या तेव्हा तो बसूनच राहिला.

आत्यांचा पारा चढला. चाळीस वर्षांत हे कधी घडले नव्हते. रांगता होता तेव्हापासून आत्या दारात दिसल्या की हा मुलगा उभा राहत आला होता. आज तो पाठीमागे उशी लावून, दोन्ही कोपर टेबलावर टेकून बसला होता, आणि शेजारी भिंतीवरच्या पडद्यावर बाणांचे एक रंगीत चित्र होते.

“ये आत्या. बस.”

“परवानगीबद्दल आभारी आहे,” आत्या म्हणाल्या आणि बसल्या.

पडद्याजवळ प्रकल्पाचा सल्लागार उभा होता. दर तिसऱ्या वाक्याला तो ‘रोडमॅप’ हा शब्द वापरीत असल्यामुळे कंपनीत त्याला त्याच नावाने ओळखत. पुढच्या वर्षापासून रुग्णालयांना औषध थेट पुरवायचे, प्रत्येक कुपी कुठे गेली हे त्यांना क्षणात दाखवायचे, हा कंपनीचा नवा बेत. त्यासाठी नवी इमारत, नवे डेटा सेंटर, नवे नेटवर्क. बेत उत्तम होता, आणि आत्यांनी त्याला मत दिले होते. त्यांना त्रास व्हायचा तो बेत सांगण्याच्या पद्धतीचा. आठ महिन्यांत तो बेत नऊदा सांगून झाला होता आणि दोनदा पुढे ढकलून झाला होता.

“थोडक्यात सांगतो,” रोडमॅप म्हणाला. “साहेबांना एकच पान लागतं, त्यामुळे सवय झालीय.”

“त्यांना एक लागतं. मला लागतील तितकी सांगा.”

हकिगत अशी होती. बुधवारी सकाळी नऊ ते बारा जुनी सर्व्हर रूम पूर्ण बंद ठेवण्यात आली होती. तिसऱ्या रॅकच्या चौथ्या खणात ईमेलचा जुना सर्व्हर होता, पाच वर्षांपूर्वी जळून बंद पडलेला. तेवढा काढून भंगारवाल्यांच्या गाडीत द्यायचा होता. तो दिला गेला. दुपारनंतर रूम पुन्हा सुरू झाली. बॅचच्या जुन्या नोंदी रोज कुणाला लागत नाहीत, म्हणून गुरुवारी रुग्णालयाचा फोन येईपर्यंत कुणाला पत्ताच लागला नाही की नवव्या खणातला नोंदींचा सर्व्हरही नाहीसा झाला आहे.

“रोजची कॉपी काढून ठेवतात ना? ती कुठे आहे?”

रोडमॅपने भाच्याकडे पाहिले.

“दोन महिन्यांपूर्वी बंद केली,” रोडमॅप म्हणाला. “नवं सेंटर पंधरा दिवसांत सुरू होणार होतं.”

“बंद करायच्या कागदावर सही कोणाची?”

“माझी,” भाचा टेबलाकडे पाहत म्हणाला.

“छान. नवं घर बांधून व्हायच्या आधी जुन्याचे पत्रे काढले. आणि मामांचा काय संबंध?”

“ते प्रकल्पाच्या विरोधात होते,” रोडमॅप म्हणाला. “सगळ्यांसमोर म्हणाले होते की माझ्या रॅकना हात लावाल तर पस्तावाल. आणि रूमची एक किल्ली त्यांच्याकडे असते. मी तर म्हणतो, पाच तरी कशाला, पोलिसांना आत्ताच बोलवावं.”

“तू काय म्हणतोस, बाळ्या?”

भाच्याने हातातले पेन टेबलावर सरळ रेषेत ठेवले. “पाच वाजता,” तो म्हणाला. “तोवर बघू.”

घड्याळात बारा वाजत आले होते.

३

नेटवर्कचे काम पाहणारी इंजिनिअर तिशीतली, बारीक चणीची, बोलताना थेट डोळ्यांत पाहणारी मुलगी होती. सगळे तिला नेटवर्कताई म्हणत. जुन्या रूमबाहेरच्या बाकावर आत्यांनी तिला गाठले.

“बुधवारी तू कुठे होतीस, पोरी?”

“नव्या इमारतीत. पाससाठी फोटो काढायला. मी आणि मामा, दोघं.”

“किती वेळ?”

“साडेआठ ते साडेबारा. एका फोटोला चार तास. आधी कॅमेरा चालेना, मग कॅमेरा चालला तर प्रिंटर चालेना. मामा म्हणाले, या इमारतीला मेंदू बसवलाय पण हातपाय विसरलेत.” ती हसली आणि लगेच गप्प झाली. “ते चोर नाहीत, आत्या. चिडके आहेत, हट्टी आहेत. पण त्या सर्व्हरला ते दर सोमवारी हात लावून बघायचे, ताप आलाय का म्हणून.”

“मग बुधवारी भंगारवाल्यांबरोबर रूममध्ये कोण होतं?”

“रोडमॅप असणार होते. यादी त्यांनीच केली होती.”

आत्यांच्या मागोमाग आलेल्या रोडमॅपने कपाळाला हात लावला. “माझी गाडी बंद पडली. मी पोहोचलो बाराला. तोवर काम उरकलेलं होतं. मला वाटलं, मामांनी उरकलं असेल.”

“म्हणजे तुम्ही पाहिलं नाही.”

“निघालेला सर्व्हर नाही पाहिला. पण खण रिकामा होता.”

“एक का दोन?”

“तेव्हा मोजले नाहीत.”

साऱ्या इमारतीत प्रत्येकाला वाटले होते की काम दुसऱ्या कुणीतरी केले असेल, आणि त्या वाटण्यावरच एका म्हाताऱ्या माणसाच्या गळ्यातले ओळखपत्र उतरवले गेले होते. आत्यांनी रोडमॅपकडून भंगाराची यादी मागून घेतली. दोन पाने होती, कोपऱ्यात टाचलेली. वाचायचा चष्मा घरी राहिला होता. त्यांनी यादी पिशवीत टाकली आणि पुन्हा गेटवर आल्या.

“सुभेदार, बुधवारचं पान काढा.”

पहारेकऱ्याने बोट फिरवीत वाचले. भंगारगाडी आत, दहा पस्तीस, दोन हमाल. भंगारगाडी बाहेर, अकरा वीस. माल: सर्व्हर, नग एक. रोडमॅप आत, बारा पाच. मामा आणि नेटवर्कताई आत, बारा चाळीस.

“नग एकच?”

“एकच. मी स्वतः ताडपत्री उचलून बघितली. आणि तेव्हापासून आत्तापर्यंत या गेटमधून टिफिनपेक्षा मोठी वस्तू बाहेर गेलेली नाही. दुसरं दार बंद आहे, त्याचं कुलूप अजून कोणत्या सिस्टिममध्ये जायचं ते ठरलेलं नाही.”

“रजिस्टरमध्ये सगळ्यांची नोंद होते?”

“माझ्या वडिलांना सोडणार नाही. फक्त मालकांचं तेवढं सोडा, त्यांना कोण सही मागणार.”

आत्या खुर्चीवरच्या मामांकडे वळल्या नाहीत. त्या उभ्या जागी हिशेब मांडीत होत्या. रॅकमधले दोन सर्व्हर गायब. गेटमधून बाहेर गेला एक. म्हणजे दुसरा अजून याच इमारतीत होता.

“पोरी,” त्या सोबत आलेल्या नेटवर्कताईला म्हणाल्या, “तळमजल्यापासून सुरुवात कर. एक दार, एक कपाट सोडू नकोस.”

दोन वाजता ती धावत परत आली. तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता.

“सापडला,” ती म्हणाली. “मामांच्या स्टोअरमध्ये. त्यांच्याच जुन्या ताडपत्रीखाली.”

४

सर्व्हर रूमला लागून मामांचे स्टोअर होते. दाराला कुलूप कधीच नसे. सर्व्हर केबलच्या भेंडोळ्यांमागे ठेवलेला होता. रोडमॅपने फोटो काढले. भाचा दाराच्या चौकटीला हात टेकून उभा राहिला.

“झालं तर मग,” रोडमॅप म्हणाला. “आता पोलीस.”

“नको,” भाचा म्हणाला. “पोलीस नकोत. सापडलं ना. मामांना म्हणावं, राजीनामा लिहा आणि घरी जा. सन्मानाने. मला हे प्रकरण वाढवायचं नाही.”

तो निघून गेला, सावकाश, भिंतीच्या कडेने.

आत्या त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिल्या. टेलिफोनवर एकतीस वर्षे काढलेल्या माणसाला बोललेल्या शब्दांपेक्षा न बोललेले शब्द आधी ऐकू येतात. हरवलेले मूल सापडले तर बाप पहिला प्रश्न विचारतो, बरे आहे ना? नोंदींचा एकुलता एक सर्व्हर सापडला होता, आणि कंपनीच्या मालकाने तो चालतो की नाही, हेही विचारले नव्हते.

“लावून बघ,” त्या म्हणाल्या.

नेटवर्कताईने वीज जोडली. दिवा लागला नाही, पंखा फिरला नाही.

“चोरताना आपटला असेल,” रोडमॅप म्हणाला.

आत्या खाली वाकल्या. गुडघे कुरकुरले, त्यांनी त्यांची दखल घेतली नाही. सर्व्हरच्या माथ्यावर त्यांनी बोट फिरवले. मऊ, सलग, जाड धुळीत स्वच्छ रेघ उमटली. मग पुढच्या जाळीवर बोट फिरवले. तिथे धूळ जवळजवळ नव्हती.

“ज्या यंत्राचा पंखा रात्रंदिवस फिरतो, ते श्वास घेत असतं,” त्या म्हणाल्या. “त्याच्या नाकात धूळ अडकते, नमद्यासारखी घट्ट. माझ्या बोर्डच्या पंख्यांची नाकं मी दर शनिवारी साफ करायचे. याचं नाक स्वच्छ आहे आणि डोक्यावर मात्र धूळ निवांत बसलीय. हे मेल्याला वर्षं झाली.”

नेटवर्कताई गुडघ्यांवर बसली. “दोन्ही सर्व्हर एकाच वेळी घेतले होते,” ती हळूच म्हणाली. “एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे. दिसायला जुळे.”

“नंबर असेल ना यावर?”

“मागे आहे. पण कोणता नंबर कोणाचा, ते मामांच्या वहीतच सापडेल.”

ज्याला चोर मानले होते तो माणूस सोडून त्या यंत्राबद्दल सकाळपासून सगळ्यांना विचारून झाले होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा. आत्या स्वतः गेटपर्यंत गेल्या.

“मामा, तुमची वही कुठे असते?”

“स्टोअरमधलं लोखंडी कपाट. दुसरा खण.”

आत्या परत आल्या. दुसऱ्या खणात स्क्रूंच्या बरण्या, एक फुटका टॉर्च आणि चिकटपट्ट्यांचे पंधरा गोल होते. वही नव्हती. त्या पुन्हा गेटवर आल्या. दुपारच्या उन्हात ही तिसरी खेप होती, आणि त्यांच्या सहनशीलतेची शेवटची.

“मामा, मला बरण्या दाखवायला पाठवलंत का?”

“खालून हो, आत्या,” मामा म्हणाले. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात जुना हट्टीपणा आला. “खालून दुसरा. माझं सगळं खालूनच असतं. जड माल तळाला बसतो, रॅक खालून भरत जातो. घर काय छतापासून मोजतात?”

आत्या जागच्या जागी थांबल्या.

मग त्यांनी पिशवीतून भंगाराची यादी काढली, आणि सुभेदाराच्या नाकावरचा चष्मा न विचारता स्वतःच्या डोळ्यांवर चढवला.

५

“एका रॅकला खण किती, मामा?”

“बारा.”

पहिल्या पानावर लिहिले होते: रॅक तीन, खण चार, काढणे. दुसऱ्या पानावर एकच ओळ होती: सर्व खण खालून मोजावेत.

खालून चौथा खण म्हणजे जळलेला ईमेलचा सर्व्हर. वरून चौथा खण म्हणजे खालून नववा. नोंदींचा सर्व्हर.

वही कपाटाच्या खालून दुसऱ्या खणात निघाली. नंबर जुळवला. स्टोअरमध्ये सापडलेले यंत्र ईमेलचेच होते, पाच वर्षांपूर्वी मेलेले. म्हणजे अकरा वीसच्या गाडीतून भंगारात गेला होता तो जिवंत.

“चोरी झालेलीच नाही,” नेटवर्कताई म्हणाली. “कुणीतरी चुकीचा खण मोजला.”

“चूक एवढीच असती तर मेलेला सर्व्हर त्याच्या खणातच राहिला असता, आणि आज सकाळी पाच मिनिटांत सगळं कळलं असतं. कुणाच्या तरी ते लक्षात आलं. त्याने मेलेल्याला स्टोअरमध्ये ढकललं, म्हणजे वाटावं की भंगारात जायचा तो गेला आणि दुसरा चोरीला गेला.”

“कोणी?” रोडमॅपचा चेहरा उतरला होता. “आत्या, दुसरं पान मीच लिहिलंय. मामांनी माझ्याशी तासभर भांडून लिहून घेतलं.”

“म्हणूनच तुम्ही नाही. ज्याला हे ठाऊक होतं तो वरून मोजणार नाही. तुम्ही लिहिलंत, या पोरीने दोन वर्षं मामांच्या हाताखाली काढली, मामांचा तर तो धर्म आहे. शिवाय अकरा वीसला तुमच्यापैकी एकही जण इमारतीत नव्हता. हमाल स्वतःच्या मनाने खण मोजत नाहीत, त्यांना कुणीतरी बोट दाखवावं लागतं. बोट दाखवणारा इमारतीत होता, पण रजिस्टरमध्ये नव्हता. त्याच्या हातात यादी होती, पण त्याने एकच पान वाचलं.”

नेटवर्कताईने तोंडावर हात ठेवला. रोडमॅप खाली बसला.

“तुम्ही दोघं इथेच थांबा,” आत्या म्हणाल्या. वहीवरची धूळ त्यांनी पदराने पुसली, आणि कुणी पाहत नसावे अशा बेताने डोळेही. “मला घरचं काम आहे.”

६

भाचा उशीला टेकून बसला होता. आत्यांना पाहून त्याने उठण्याचा अर्धामुर्धा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

आत्यांनी दार लावले. यादीचे दुसरे पान त्यांनी टेबलापुढे धरले आणि सोडले. ते तरंगत जमिनीवर पडले.

“उचल.”

“आत्या…”

“उचल म्हणते ना. चष्मा नाही माझ्याजवळ, मला दिसत नाही.”

तो खुर्चीच्या हाताला धरून पुढे झुकला. त्याचा हात जमिनीपासून वीतभर वर थांबला आणि चेहरा पांढरा झाला. दुसरा हात कमरेवर गेला होता.

“सकाळी तू उभा राहिला नाहीस,” आत्या म्हणाल्या. “मी रागावले. मला वाटलं, मोठा झाला, विसरला. तू विसरला नव्हतास. तुला उठताच येत नव्हतं. दोन माणसांनी उचलायचं यंत्र एकट्याने उचललं की असंच होतं.”

भाचा पुन्हा उशीला टेकला.

“हमाल ताटकळत उभे होते,” तो म्हणाला. “रोडमॅपचा फोन लागेना. बाराला रूम चालू करायची होती. दोनदा पुढे ढकललेलं काम, आत्या, तिसऱ्यांदा मला तोंड दाखवायला जागा राहिली नसती. यादी रूममधल्या टेबलावर होती. मला वाटलं, चार मोजायला काय लागतं.”

“मग?”

“गाडी गेली आणि मी लोंबणाऱ्या केबलवरची चिठ्ठी वाचली. लगेच भंगारवाल्यांना फोन केला. ते म्हणाले, आलेला माल आम्ही त्याच दिवशी चिरडतो. सतरा वर्षांच्या नोंदी, आणि कॉपी बंद करायच्या कागदावर माझीच सही. रोडमॅप कुठल्याही क्षणी आला असता. स्टोअर जवळ होतं, म्हणून तिथे ढकललं. मामांना अडकवायचं मनात नव्हतं. मी त्यांचं नाव घेतलंही नाही.”

“खोडलंसही नाहीस. पाच वाजताची वेळ तूच दिलीस.”

त्याने टेबलावरचे पेन पुन्हा सरळ केले.

“तू सात वर्षांचा असताना शॉक लागून पडलास, तेव्हा तुला वायरपासून लाकडाने ढकलणारा माणूस आज सकाळपासून प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलाय. चोर सोडून संन्याशाला सुळी देतात हे ऐकून होते. आमच्या घरात पाहीन असं वाटलं नव्हतं.”

त्याने मान खाली घातली. आत्यांनी ती तशीच राहू दिली. मग एकदम त्यांनी विचारले, “चिरडतो असं कोण म्हणालं?”

“भंगारवाले.”

“त्यांच्यातलं कोण?”

“ज्याने फोन उचलला तो.”

“म्हणजे पहिला आवाज,” आत्या म्हणाल्या आणि फोन स्वतःकडे ओढला.

पहिल्या आवाजाने तेच उत्तर दिले. आत्यांनी त्याला नम्रपणे सांगितले की चिरडण्याच्या मशीनपाशी जो उभा असतो त्याला बोलवा, मी लाइनवर थांबते. दुसरा आवाज साहेब जेवायला गेल्याचे सांगून गेला. तिसऱ्या आवाजाने त्यांना सहा मिनिटे ताटकळत ठेवले. भाचा कमरेवर हात ठेवून त्यांच्याकडे पाहत होता. चौथ्या आवाजामागे कुठेतरी लोखंड आपटत होते.

“चिरडायचं मशीन?” तो आवाज म्हणाला. “ते सोमवारपासून बंद आहे, बाई. पट्टा तुटलाय. उद्या सकाळी येतोय नवा.”

“काल अकरा वीसच्या गाडीतून आलेला काळा सर्व्हर?”

“तो होय. आहे की. आत्ता त्याच्यावर बसूनच जेवलो मी.”

“उठा त्याच्यावरून,” आत्या म्हणाल्या. “आणि कुणाला बसू देऊ नका.”

त्यांनी फोन ठेवला. साडेतीन वाजले होते.

“मी नेटवर्कताईला गाडी देतो,” भाचा म्हणाला.

“तू जायचं. मामांना बरोबर घेऊन. आणि जाताना गाडीत त्यांना काय सांगायचं, ते मी शिकवणार नाही.”

“कंबर…”

“कंबर दुखेलच,” आत्या म्हणाल्या.

७

पाच वाजायला दहा मिनिटे असताना गाडी गेटवर आली. पोलीस येणार या बातमीने निम्मी कंपनी तिथे जमली होती. मामांनी मागचे दार उघडले आणि सर्व्हर ट्रॉलीवर घेतला. त्यांनी वाकून त्याच्या जाळीवरून अंगठा फिरवला.

“नाकात धूळ तशीच आहे,” ते म्हणाले. “झाकणावर ओरखडा आलाय. बाकी ठीक.”

सुभेदाराने मालकांना पाहून फाटक सताड उघडले.

“सही,” आत्या म्हणाल्या.

“त्यांची?” सुभेदार गोंधळला.

“आजपासून.”

भाच्याने पेन हातात घेतले. वेळ लिहिली, नाव लिहिले. कारणाच्या रकान्यापाशी त्याचा हात थांबला. मग त्याने लिहायला सुरुवात केली, आणि लिहिता लिहिता तेच शब्द सगळ्यांना ऐकू जातील अशा आवाजात वाचलेही. “काल चुकीचा सर्व्हर मी काढला. दोष मामांवर येऊ दिला. मामांचा काही संबंध नव्हता.” रकाना भरला, ओळ भरली, आणि मजकूर खालच्या ओळीत उतरला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला जागा कमी पडली होती.

सुभेदाराने खिशातून मामांचे ओळखपत्र काढून त्यांच्या हातात दिले. मामांनी ते गळ्यात घातले, उलटे झाले होते ते सरळ केले, आणि मालकांकडे पाहिले.

“नव्या सेंटरमध्ये रॅकना नंबरपट्ट्या लावायच्या आहेत,” ते म्हणाले. “मी त्या खालून लावणार.”

“लावा,” भाचा म्हणाला.

“आणि रोजची कॉपी उद्यापासून नाही. आजपासून.”

“आजपासून.”

मामांनी एवढ्यावर त्याला माफ केले की नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळले नाही. आत्यांनीही ते विचारले नाही. मामांनी रजिस्टर स्वतःकडे ओढले, सही केली आणि कारणाच्या रकान्यात लिहिले, ‘तिसरा रॅक, नववा खण. खालून.’ मग ट्रॉली ढकलत ते आत गेले. मालक शेजारी चालत होते, एक हात ट्रॉलीवर आणि एक कमरेवर.

पावणेसहाला नोंदी पडद्यावर आल्या. आत्यांनी स्वतः रुग्णालयाला फोन लावला. पलीकडून कुणीतरी घाईने म्हणाले की निरोप सांगा, आम्ही कळवू.

“निरोप नाही,” आत्या म्हणाल्या. “औषधांच्या कपाटापाशी जी उभी असेल, तिला द्या. मी थांबते.”